चेंडूच्या खळ्यातला कुंदा

सेलूच्या अहबाब क्लबाने फसली १३४२ साली, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३३च्या आरंभी, टेनिसचे मैदान तयार केले, तेव्हा आसपासच्या वाड्यांतल्या माणसांनी त्याला ‘चेंडूचं खळं’ असे नाव दिले. नाव थट्टेचे होते, पण चुकीचे नव्हते. मळणीसाठी जमीन जशी ठोकून, सपाट करून, शेणामातीने सारवतात, तशीच ही जमीन केलेली होती. खळ्यावरून धान्य घरी जाते आणि या खळ्यावरून काहीच जात नाही, एवढेच नवल त्या माणसांना वाटे.

क्लबात वकील होते, मुन्सफ होते, तहसीलदार होते, जिनिंगचे दोन मालक आणि काही जमीनदार होते. हिंदू, मुसलमान आणि एक पारशी एका टेबलाशी बसून चहा पीत. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती, आणि क्लबाचे चिटणीस व्यंकटराव वकील तिचा अभिमानाने उल्लेख करीत. तीनशे एकरांचे धनी, हैदराबादेत शिकलेले, बोलण्यात मृदू असे हे गृहस्थ होते. मात्र मैदानावरचा दगडी रोलर ओढायला सहा माणसे लागत, आणि ती बेगारीने आणली जात. लोकांकडून फुकट काम करून घेण्याच्या या चालीला सरकारी कागदावर मनाई झालेली होती. पण तहसीलचा शिपाई पाटलाच्या दारात उभा राहिला की कागद कोण मागणार? क्लब सरकारी नव्हता. तहसीलदार क्लबात खेळत, तेवढे पुरत असे.

कोंडाबाई या क्लबाच्या इतिहासात आली ती सारवणारी म्हणून. दीड कोसावरच्या वाडीत तिचे मेंढरे पाळणारे घर होते, माहेर पोखर्णीकडचे. तिने सारवलेल्या खळ्याला भेग जात नाही, अशी तिची ख्याती होती. क्लबाची अडचण तीच होती. खालची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगे, उन्हाळ्यात फाटे, आणि वर टाकलेला मुरूम भेगांत उतरून नाहीसा होई.

“भेग पडता कामा नये, कोंडाबाई,” व्यंकटराव म्हणाले.

“काळी हाय, मालक. ती फाटणारच. वरचं लुगडं तेवढं मी चांगलं नेसवते.”

गावाच्या जुन्या पांढरीची, म्हणजे पडक्या वस्तीच्या जागेची, माती ती वस्त्राने गाळून घेई. त्यात गव्हाचा बारीक भुसा घाली. शेण फक्त कडब्यावर असलेल्या बैलांचे चाले. हिरवे खाल्लेल्या गुरांच्या शेणाने सारवण पोपडे धरते, असे तिचे म्हणणे होते. तीन दिवस हा काला मुरवून ती मैदानाच्या एका टोकापासून मागे मागे सरकत सारवीत येई. त्यानंतर तिचा एकच नियम असे: ऊन डोक्यावर येईपर्यंत कोणाचा पाय पडता कामा नये. सहा वर्षे हा नियम पाळला गेला, आणि सेलूच्या मैदानावर चेंडू सरळ उसळतो, असे परभणीचे खेळाडूही म्हणू लागले. ती प्रशंसा व्यंकटरावांच्या वाट्याला गेली. कोंडाबाईला त्याचे दुःख नव्हते. आपले काम चांगले आहे हे तिला ठाऊक होते.

फसली १३४९च्या, म्हणजे १९३९च्या मार्गशीर्षात एक वरिष्ठ अधिकारी सामना पाहायला येणार होते. आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे पडल्यामुळे कोंडाबाईने पहाटे उठून पुन्हा सारवले. रोलर ओढायला वाडीतून जी सहा माणसे धरून आणली होती, त्यांत तिचा नवरा येडबा होता. सकाळी नऊलाच व्यंकटराव मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले.

“मालक, ओलं हाय अजून. दुपारपस्तोर पाय नगं,” ती म्हणाली.

“साहेबांची मोटार दहाला येते. दुपार थांबेल तुझ्यासाठी, साहेब थांबायचे नाहीत.” मग ते माणसांकडे वळले. “पळवा रे! बैलासारखे काय चालताय?”

“बैलाला वैरण तरी मिळती, वकीलसाहेब,” येडबा म्हणाला, आणि सहाही जण हसले. हसत हसतच त्यांनी दोर खांद्यावर घेऊन पळायला सुरुवात केली.

तिसऱ्या फेरीला येडबाचा पाय ओल्या सारवणावरून सटकला. दगड थांबवता येण्यासारखा नव्हता. तो त्याच्या पावलावरून आणि नडगीवरून गेला.

त्याला कडुनिंबाखाली नेऊन निजवले. रक्ताचा डाग मैदानाच्या मधोमध, जाळीजवळ होता. व्यंकटरावांनी तो पाहिला, घड्याळ पाहिले आणि कोंडाबाईला सांगितले, “तेवढी जागा पुन्हा सारव.”

तिने सारवली. पुढे अनेक वर्षांनी ती म्हणे, “हात थांबले न्हाईत माझे. त्यानं सांगितलं आन् हात चालले. त्याच्या आधी मला माझ्या हातांचा राग हाय.” सामना ठरल्या वेळी झाला. येडबाला संध्याकाळी बाजेवर घालून वाडीत नेले. पाय काळा पडत गेला, आणि सतराव्या दिवशी तो वारला.

क्लबाची कार्यवाही उर्दूत लिहिली जाई. क्लबाचा शिपाई मुंजाजी जातीने कुणबी असला तरी मदरशात उर्दू शिकलेला होता. पौषात एके दुपारी कपाट झाडताना त्याने वही उघडली, त्या दिवसाचे पान काढले आणि बाहेर शेण कालवीत बसलेल्या कोंडाबाईला हळू आवाजात वाचून दाखवले: “इत्तेफाकन एक बेगारी के पाँव पर से रोलर गुजरा. रोलर को कोई नुकसान नहीं पहुँचा.”

“काय म्हणलं?”

“एका बेगाऱ्याच्या पायावरून रोलर गेला म्हणं. रोलरला काई झालं न्हाई.”

“नाव?”

“न्हाई लिवलं.”

तिने काल्यात आणखी भुसा टाकला. मग म्हणाली, “मुंजाजी, या खळ्यावर मी चेंडू पडू देनार न्हाई.”

“काय करशील, माय? आग लावशील? माती जळत न्हाई.”

“जळत न्हाई. फुटती तर खरी.”

ती कामावर येत राहिली. क्लबातल्या सभ्य माणसांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. गरिबाला दुःख करीत बसायला सवड नसते, असे मुन्सफ सहानुभूतीने म्हणाले. दुर्बळाच्या सहनशीलतेला विस्मरण समजणे ही सत्ताधारी वर्गाची फार जुनी चूक आहे, आणि ती अज्ञानातून होत नाही. तशी समजूत असल्याशिवाय त्यांना शांतपणे चहा पिता येत नाही.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत कुंदा नावाचे गवत असते. त्याच्या मुळांच्या गाठाळ कांड्यांना काशा म्हणतात. काशा तीन तीन हात खोल जातात. नांगर वरचे गवत उपटतो, पण खाली राहिलेल्या बोटभर तुकड्यातून कुंदा पुन्हा उभा राहतो. तो काढायचा एकच मार्ग असतो: भर उन्हाळ्यात माणसाच्या छातीइतकी जमीन खणायची, काशा वेचायच्या आणि जाळायच्या. ज्याने एकदा कुंदा खणला आहे तो त्याचे पाते अंधारातही ओळखतो. व्यंकटरावांच्या स्वतःच्या रानात कुंदा होता आणि दर उन्हाळ्यात त्यांची माणसे तो खणीत. ते स्वतः बांधावर छत्री घेऊन उभे राहत.

त्या वैशाखात कोंडाबाईने त्यांच्याच बांधावर जाळण्यासाठी रचलेल्या ढिगातून काशा उचलल्या. पांढऱ्या मातीच्या पाटीत तळाशी काशा आणि वर माती, अशा अकरा पाट्या तिने भर दिवसा सर्वांच्या देखत मैदानावर आणल्या. उन्हाळ्यात क्लब बंद असे आणि भेगा बुजवण्याचे काम तिच्याकडेच असे. जमीन वीतभर रुंद उलली होती. ती पालथी पडून एकेका भेगेत खांद्यापर्यंत हात घाली, तळाशी काशा ठेवी आणि वर माती लोटी. आपल्या हाताने केलेले जिल्ह्यातले सर्वांत चांगले खळे ती आपल्याच हाताने मारीत होती, हे तिला कळत होते. जाळीजवळच्या त्या जागेत तिने दुप्पट काशा घातल्या.

दसऱ्यानंतर मैदान उघडले, आणि तिच्या सुडाचे जे झाले ते तिच्या स्वप्नातही नव्हते. सारवण फोडून कडेकडेने कोवळी हिरवी पाती वर आली होती. त्याच आठवड्यात हैदराबादहून आलेले एक पाहुणे मैदान पाहून थबकले.

“अरे, व्यंकटराव! ये तो लॉन है! पूरे जिले में किसी के पास नहीं.”

हे काय आहे हे मला ठाऊक नाही, असे म्हणण्याची संधी व्यंकटरावांना होती. ते म्हणाले, “जी, इसी साल से कोशिश की है.”

हा शब्द तोंडातून गेल्यावर मागे फिरणे शक्य नव्हते. आठ दिवसांत सभा झाली. सारवण बंद करून हिरवळीचे मैदान करावे, असा ठराव झाला. कोंडाबाईला पाणी घालण्याच्या कामावर ठेवले. तीनशे एकरांचे धनी वाकून गवताचे एक पाते तोडून तिला विचारू लागले, “कोणतं गवत गं हे?”

“चिवट हाय, मालक. एकदा धरलं की सोडीत न्हाई.”

“मग उत्तमच.”

सभासदांपैकी निम्मे जमीनदार होते. त्यांतल्या एकालाही कुंदा ओळखता आला नाही. ज्या जमिनीच्या उत्पन्नावर त्यांचे शिक्षण झाले होते, तिच्यातल्या सर्वांत मोठ्या शत्रूचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

कोंडाबाईचे ते दोन हिवाळे फार कडू गेले. “हसू नगं, मुंजाजी,” ती म्हणे. “माझा सूड त्यो तुळशीवानी पानी घालून वाढवायलाय, आन् लोक त्याला शाबासकी द्यायलेत.”

“दम धर, माय. कुंदा हाय त्यो. मालक बघून वागत न्हाई.”

तिसऱ्या वर्षी कुंद्याने आपला स्वभाव दाखवला. त्याचे ठोंब झाले. विळ्याने कापले की खुंट चाकूसारखे उभे राहत. चेंडू पडला की कुठे उसळेल याचा नेम राहिला नाही. जाळीजवळ तर कमरेइतके रान माजले. मुन्सफांचा घोटा मुरगळला, पारशी गृहस्थांनी यायचे सोडले, आणि अखेर जिनिंगच्या एका म्हाताऱ्या मुकादमाने कुंपणाबाहेरूनच सांगितले, “वकीलसाहेब, कुंदा खेळवायलात का हितं?” ही गोष्ट दोन दिवसांत बाजारभर झाली. लोक व्यंकटरावांना वाटेत हसून रामराम करू लागले.

कोंडाबाईला वाटले, आपले काम झाले. माणसाचा अहंकार दुखावला की तो त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकतो, याचा तिने विचार केला नव्हता. १९४३च्या चैत्रात तहसीलचा शिपाई वाडीच्या पाटलाकडे आला: क्लबाचे मैदान छातीइतके खणायचे आहे, वीस माणसे पाहिजेत. त्या विसांत येडबाचा धाकटा भाऊ भुजंग होता.

पहिल्या दिवशी पाण्याची घागर घेऊन ती आली, तेव्हा भुजंगाने टिकावाच्या टोकावर निघालेली काशी तिच्यापुढे धरली.

“वैनी, कुंदा उडून येत नसतो.”

तिने पाणी ओतले. 

“खळ्यात कुंदा. कुनी तरी पुरल्याबिगर येत न्हाई. का?”

“पानी प्या, भावजी.”

नऊ दिवस वीस माणसे उन्हात खणत होती. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून व्यंकटराव काशा मोजल्यासारखे बघत बसत. खड्डा छातीला लागला. आणखी चार-पाच दिवसांत शेवटची काशी निघाली असती, खड्डा मुरमाने भरला असता आणि पुढच्या दसऱ्याला तिथे चेंडू उसळला असता. सूड वाया जाणार होता, आणि तो वाया घालवण्याचे कष्ट तिच्याच माणसांना पडत होते. ही दुहेरी हार ती नऊ दिवस घागरीबरोबर वाहत होती.

नवव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी काळ्या मातीची एक कड सुटली आणि भुजंग मांड्यांपर्यंत गाडला गेला. तो ओरडला. माणसांनी हातांनी माती उपसून त्याला बाहेर काढले. पाय शाबूत होते, पण त्याला उभे राहता येईना.

“त्याला बाजूला बसवा,” व्यंकटराव खुर्चीवरून म्हणाले. “बाकीचे हात चालू द्या.”

कोंडाबाईने घागर खाली ठेवली. ती खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली आणि विसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हात थांबवा रे. कुंदा मी लावला.”

टिकाव थांबले.

“काय बोलतेस?” व्यंकटराव उठले.

“मी लावला. अकरा पाट्या. तुमच्याच बांधावरच्या काशा, वकीलसाहेब. तुमी लान लान म्हणून पानी घालवलं त्याला.”

खड्ड्यात कोणीतरी फुसकन हसले. व्यंकटराव मुंजाजीकडे वळले. “पोलिसांच्या अमीनसाहेबांना बोलवा. तुरुंगात घालतो हिला.”

“घाला,” ती म्हणाली. “बयान होईल न्हवं माझं? मग लिवून घ्या. कुंदा काहून लावला, तर येडबा नावाचा माझा मालक या जागी रोलरखाली आला. बेगारीवर आनला व्हता. ओलं हाय म्हणून मी सांगत व्हते आन् तुमी पळवा म्हणलात. रगत मला सारवाया लावलंत. समदं लिवा. त्याचं नाव आधी लिवा. मी अंगठा देते.”

व्यंकटराव वकील होते. समोरच्या बाईने काय केले आहे हे त्यांना तिच्यापेक्षा लवकर कळले. सरकारी वकिलीसाठी त्यांचा अर्ज गेलेला होता. खाजगी क्लबासाठी बेगार, त्या बेगारीत मृत्यू, आणि हे सारे सरकारी बयानात, वीस साक्षीदारांसह.  मुंजाजी अमीनाकडे जायला निघाला होता. त्याला त्यांनी हाताने थांबवले.

“जाऊ द्या,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “बाईचं डोकं ठिकाणावर नाही.”

“जा की, मुंजाजी,” खड्ड्यातून एक जण म्हणाला. “बोलव अमीनाला. आमी बी सांगतो.”

मुंजाजी हलला नाही, पण ते वाक्य बोलले गेले होते. ज्याला आपण भीत आलो तो एका कागदाला भितो, हे वीस माणसांनी एकाच वेळी पाहिले. एकेक जण टिकाव खड्ड्यात टाकून वर चढला. त्यांना कोणी अडवले नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई वाडीत आला तेव्हा पाटलाने सांगितले, माणसं रानात गेली. तिसऱ्या दिवशी शिपाई आला नाही.

कोंडाबाईचे डोके ठिकाणावर होते. कायदा तिला येत नव्हता. पण जे लिहिले जात नाही त्याचीच मोठ्या माणसांना गरज असते, एवढे तिने क्लबाच्या वहीवरून ओळखले होते.

या कथेत तिचा विजय झाला असे म्हणून थांबणे सोपे आहे. वाटेत भुजंग दोघांच्या खांद्यावर हात टाकून चालत होता. वाडी जवळ आल्यावर तो थांबला.

“वैनी, माझा भाऊ गेला त्या खळ्यावर. मला न्हाई का राग? पर सूड तुझा आन् खड्डा आमचा. एका शब्दानं इचारलं व्हतंस?”

“न्हाई इचारलं,” ती म्हणाली.

तिने सबब सांगितली नाही. भुजंग तिच्याशी पाच वर्षे बोलला नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात ती मांडवाच्या बाहेर बसून होती. व्यंकटरावांवरच्या सुडाबद्दल तिला कधी पश्चात्ताप झाला नाही. तसे ती मरेपर्यंत स्पष्ट सांगत असे. पण ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा त्यांना न विचारता घेतलेला सूड शेवटी त्यांच्याच पाठीवर पडतो, हेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगे.

१९४८च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. मार्गशीर्षात व्यंकटराव डोक्यावर पांढरी टोपी घालून वाडीत आले. बरोबर दोन तरुण वकील होते. नव्या राज्यात नवा क्लब काढायचा होता, सर्वांसाठी खुला. खड्डा भरायला मजुरीवर माणसे पाहिजे होती आणि सारवायला कोंडाबाई. बेगारीचा काळ गेला, असे ते दोनदा म्हणाले. येडबाचे नाव त्यांनी एकदा घेतले, आणि ते घेताना त्यांचा आवाज खरोखरच कापला.

“झालं ते फार वाईट झालं, कोंडाबाई. आता मनातून काढून टाक.”

ती ओट्यावरून उठली आणि चालू लागली. ते मागे गेले. ती भुजंगाच्या दारात जाऊन थांबली. पाच वर्षांत ती त्या अंगणात गेली नव्हती. भुजंग मेंढीची लोकर कातरीत बसला होता.

“भावजी,” ती म्हणाली, “हे खळं भरून द्या म्हणायलेत. मी एकटी सांगनार न्हाई. काय करायचं?”

भुजंगाने कातर थांबवली. मेंढी पायांत धरूनच त्याने आधी तिच्याकडे आणि मग टोपीवाल्यांकडे पाहिले. शेजारच्या दारांतून माणसे बाहेर आली. त्या विसांपैकी हयात असलेली बहुतेक माणसे त्यांत होती.

“तुझं काय म्हणनं हाय, वैनी?”

“माझा राग गेला न्हाई.”

“माझा बी न्हाई,” भुजंग म्हणाला आणि बाकीच्यांकडे वळला. “तुमचं रे?”

कोणी मान हलवली, कोणी नुसते थुंकले. एक म्हातारा म्हणाला, “मजुरीनं बी नगं.”

“ऐकलं न्हवं, वकीलसाहेब?” भुजंगाने मेंढी उलटी केली आणि दुसरी बाजू कातरायला घेतली. “वैनी, बस. उन्हात काहून उभी हायस? च्या ठेवायला सांगतो.”

ती बसली.